मागच्या गल्लीचं पाणी

बाईंच्या डोक्यावर शॅम्पूचा फेस आणि नळ कोरडाठाक! माझ्या पार्लरची अब्रूच गेली. मी तशीच ओल्या हातांनी कोपऱ्यावर धावले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून पाणी कंपनीचा व्हॉल्व्हमन लांब दांड्याची चावी फिरवत होता.

"ए, बंद काय करतोस? अजून वेळ आहे!"

त्यानं वर पाहिलं. डोळे इतके शांत… की माझा पारा आणखीच चढला.

"वरून ऑर्डर आहे, मॅडम. त्या नव्या उंच टॉवरला प्रेशर हवंय."

"टॉवरवाले तेवढे माणसं, आणि आम्ही काय कुंड्या?"

"कुंड्या एवढ्या बोलत नाहीत," तो हसला – आणि चावी उलटी फिरवली. "घ्या, केस धुऊन होईपर्यंत."

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत पाणी रेंगाळू लागलं. तोही दारात रेंगाळायचा.

"आज राग दिसत नाही?"

"धुऊन वाळत घातलाय."

नगरपालिकेनं पाणीपुरवठा खाजगी कंपनीच्या घशात घातल्यापासून मी नुसती धुमसत होते. आता नळ वाजला की आरशात बघून हसायची. कसली वेडी!

मग एका सकाळी मागच्या गल्लीतली माझी ताई आली. कडेवर बाळ, हातात रिकामी बादली.

"आमचं पाणी हल्ली मध्येच जातं गं. बाळाचे कपडेसुद्धा धुता येईनात."

आणि माझा नळ तर हल्ली थांबतच नव्हता. मी तडक कोपरा गाठला.

"मला देत होतास ते पाणी कुणाचं?"

त्यानं चावी खाली ठेवली. "टॉवरच्या लाईनला हात लावला तर नोकरी जाईल. म्हणून… मागच्या गल्लीचं. पण तुझ्यासाठीच ना…"

"आयजीच्या जिवावर बायजी उदार! माझ्या बहिणीच्या तोंडचं काढून मला प्रेम पाजतोस? तुझी कंपनी तरी वेगळं काय करते?" माझा आवाज चिरकला. "आणि तू मला आवडतोस, मेल्या! त्याचाच जास्त संताप येतोय."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं चावी उचलली, टॉवरसमोरचं झाकण उघडलं. वॉचमन ओरडत आला.

"लाव साहेबांना फोन," तो म्हणाला. "सांग, आधी सगळ्या गल्ल्यांना त्यांचं पाणी. मग टॉवर."

टॉवरचा व्हॉल्व्ह बंद होईना, इतका घट्ट होता. मी दांड्याचं दुसरं टोक धरलं.

"नोकरी गेली तर?" तो हळूच म्हणाला.

"पार्लर झाडायला ये. शिव्या फुकट."

साहेबांची गाडी आली तेव्हा मागच्या गल्लीत बादल्या भरत होत्या. साहेबांनी चावी मागितली.

आम्ही दोघांनीही दांडा सोडला नाही.