जयरामची सही

जरा जवळ सरकून बसा. हे आमच्या जयराम सोनवणेचं सांगतोय. सातपूरला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, तेव्हाचं.

जयराम नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. हंगामी. तिथं एक्स्ट्रूडर नावाचं मशीन होतं. प्लास्टिकचे दाणे आणि काळा रंग त्यात एकत्र वितळायचे आणि पुढच्या डायमधून, सोऱ्यातून शेव पडावी तशी, दोरी बाहेर यायची. हे काम जयरामला पुंजाकाकांनी शिकवलं. आधी कारखान्यात मुरलेले जुने कारागीर, आता कॉलेजातच कामाला. कॉलेजच्या पोरांनाही तेच हाताला धरून शिकवायचे.

चौऱ्याऐंशी साली डाय तुंबली. आतला दाब दाखवणारा काटा महिनाभर बंद होता. जयरामनं प्रयोगशाळेच्या साहेबांना तसं लिहूनही दिलं होतं. डाय उडाली. उकळतं प्लास्टिक पुंजाकाकांच्या अंगावर आलं. आठव्या दिवशी ते गेले.

साहेबांनी जयरामला बोलावलं. "काटा चालू होता, चूक पुंजाची, एवढं लिहून सही कर. जूनमध्ये तुला कायम करतो."

जयरामनं सही केली. भरपाई मागायला आलेल्या पुंजाकाकांच्या बायकोला, सगुणाबाईंना, कॉलेजनं फाटकातूनच परत पाठवलं. आणि जूनमध्ये कायमच्या जागेवर साहेबांच्या साडूचा मुलगा आला.

अकरा डिसेंबर पंच्याऐंशी, बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांची परीक्षा होती, म्हणून मशीन तापवून दोरी नीट पडते का ते बघायचं, एवढंच काम होतं. तापायलाच दोन तास गेले. रात्री सव्वाआठला मशीन सुरू झालं. दोरी येईना. समोर उभं राहू नये हे ठाऊक असूनही जयराम डायसमोर वाकला.

मागून, दाराकडून आवाज आला.

"जयराम..."

आवाज त्यानं ओळखला.

"सही तू केली?"

तो वळला. दारात अंधार. पाय आपोआप तिकडं गेले. दोन पावलं... तीन...

"कायम करतो म्हणाले होते, काका."

"मग? केलं?"

"नाही."

नुसती मोटारीची घरघर.

"मलाही फसवलं, काका..."

जयराम आणखी एक पाऊल पुढं गेला.

"काका...?"

आणि पाठीमागं डाय उडाली.

वॉचमन भिकन धावत आला, तेव्हा जयराम उंबऱ्यात बसला होता. अंगावर साधा चटकाही नाही.

सकाळी त्यानं खरं काय ते लिहून कागद सगुणाबाईंच्या हातात दिला. आठवड्याच्या आत कॉलेजनं त्याला काढलं.

त्या सकाळी मीही तिथं गेलो होतो. दार डायच्या अगदी सरळ रेषेत. वितळलेला गोळा दारापर्यंत पोचलाच नव्हता. वाटेतच पडून थिजला होता.

आणि त्यात उमटलेला एक पंजा... पाचही बोटं. हाताच्या रेषांसकट.