वाजणारी थंडी

निफाडला उणे अकरा होतं आणि केतकी बोरस्ते कालव्याच्या रस्त्याने झपझप चालली होती. वय बासष्ट. थंडी म्हणजे काय, हे ती तीन हिवाळ्यांपूर्वीच विसरली होती.

वाऱ्यांनी वाट बदलली, द्राक्षबागा गेल्या, बर्फ आला. हृदयाच्या दुखणेकऱ्यांचं मोकळ्या हवेतलं चालणं मात्र काही चुकेना. मग डॉ. ऋजुता गडाखांनी ‘शीतबधिर’ शोधलं. कातडीखालच्या ज्या नसा मेंदूला थंडीची वर्दी देतात, त्यांना गप्प करणारं इंजेक्शन. धोका कळावा म्हणून मनगटाला पट्टा. अंगातली ऊब उतरली की तो वाजे. निफाडात थंडी आता खरोखरच वाजू लागली, आणि वाजणारी वस्तू बंद करायला माणसाला कितीसा वेळ लागतो? केतकीच्या नवऱ्याने, मयूरेशने, बायपासनंतर चालायला लागल्यावर आठवड्याभरातच कटकट नको म्हणून पट्टा बंद केला होता. इंजेक्शन तिनेही घेतलं होतं; तिचा पट्टा घरी चार्जिंगला होता.

आज मयूरेश पुढे निघून गेला होता. वळणावर ती पोचली, तर स्वारी कठड्यावर बसलेली. जाकीट नि कानटोपी बाजूला, सदऱ्याची बटणं उघडी.

“अगं, उकडतंय,” तो म्हणाला. जीभ जरा जड वाटली.

केतकी गोंधळली. इंजेक्शनचा असर उतरला म्हणावं, तर थंडी वाजायला हवी. हा तर मे महिन्याची भाषा बोलत होता. तिने त्याच्या छातीला हात लावून पाहिला, पण तिच्या हाताला तरी गार कुठे लागत होतं? तिने डॉ. गडाखांना फोन लावला.

“मॅडम, मयूरला उकडतंय. हे चांगलं की वाईट?”

“काकू, आधी त्यांना जाकीट घाला. मी अँब्युलन्स पाठवते.”

“पण तो म्हणतोय...”

“ऐका. गारठ्यात शरीर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त आत राखतं. ते अगदी थकलं, की त्या सैल पडतात. रक्त कातडीकडे धावतं आणि माणसाला गरम वाटतं. अगदी शेवटी शेवटी.”

“मग तुमच्या औषधाने हे का नाही थांबवलं?”

“आम्ही थंडी थांबवली, काकू. ही ऊब आहे; तिच्या नसा वेगळ्या.”

केतकीने त्याला जाकीट चढवलं, वरून आपला कोट घातला आणि त्याला घट्ट धरून बसली. तो सारखा बटणांशी झटत होता, ती त्याचे हात आवरत होती. आयुष्यात ती इतकी कधी घाबरली नव्हती.

“मयूर, बोलत राहा रे.”

किती वेळ गेला कोण जाणे, अँब्युलन्सचा अजून पत्ता नव्हता. हळूहळू तो शांत झाला. तिलाही जरा बरं वाटलं. झटापटीने म्हणा, मिठीने म्हणा, तिच्या अंगात चांगली ऊब आली होती. ती कसली, हे आता कुणाला विचारावं ते तिला कळेना.