संपलेली मांजर

“लठ्ठ मांजर नको. उंदीर धरायला चपळ द्या,” किराणा दुकानदार म्हणाला.

सुट्टीत ताई, चष्मिस आणि धाकटी ही तिघं भावंडं प्राण्यांच्या निवाऱ्यात मदतीला येत. धाकटी पिंजरा पुसता पुसता थांबली. निवाऱ्याच्या मावशींनी नेमकं तिरकी मांजरीलाच बाहेर काढलं होतं. डोळे उघडले नव्हते तेव्हापासून धाकटीनेच तिला ड्रॉपरने दूध पाजलं होतं.

“काका, मागेही एक नेली होती ना?” ताईने विचारलं.

“ती संपली.” त्याने तिरकीला पिशवीत कोंबलं आणि तो गेला.

“चला, एक पिंजरा मोकळा झाला,” मावशी म्हणाल्या.

“साबण संपतो,” धाकटी पुटपुटली. “मांजर कशी संपेल?”

“पळाली म्हणायचं असेल त्यांना,” ताई म्हणाली.

“मग पळाली म्हणाले असते.”

मावशींनी ‘दुकानदाराला फोन करून विचारते, विचारते’ म्हणत दिवस घालवले. शेवटी तिघं दुकानात गेली.

“काका, मांजरांना झोपायला रिकामी खोकी हवीत,” ताई गोड आवाजात म्हणाली.

“मागे गोदामात आहेत. फुकट नेताय, तर जरा झाडूनही द्या. आणि त्या मांजरीला काही घालू नका. पोट भरलं की उंदीर धरत नाहीत त्या.”

उंदराच्या बिळापाशी तिरकी सुतळीने बांधलेली होती. सुतळी इतकी आखूड, की तिला मानही खाली टेकवता येत नव्हती. जवळ पाणी नव्हतं. धाकटीला पाहून तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

“बांधलेली मांजर उंदीर कसा धरणार?” धाकटीने विचारलं.

“डोकं गिऱ्हाइकाला विकलं असेल त्यांनी,” म्हणत चष्मिसने शेजारचं पोतं सरकवलं. मग त्याची थट्टा बंद झाली. “इकडे बघू नकोस.”

धाकटीने बघितलं होतं. आधीची मांजर तिथेच वाळून गेली होती. गळ्यात सुतळी तशीच होती.

ताईने सुतळी सोडली आणि दोन खोकी पुढे ओढली.

दारात दुकानदार म्हणाला, “जड दिसताहेत.”

“झाडलेला कचरा आहे, काका.”

“गुणी पोरं,” म्हणत त्याने स्वतः दार धरलं.

निवाऱ्यात पहिलं खोकं उघडताच मावशी हरखल्या. “शाबास रे, काय डोकं लढवलंत!” मग त्यांनी दुसरं उघडलं, आणि त्यांना वाळलेल्या मांजरीच्या गळ्यातली सुतळी दिसली.

मावशी तडक पोलिसांना घेऊन दुकानात गेल्या. परत आल्या तेव्हा तिरकी चमच्याने पाणी पीत होती.

“तुम्ही होतात म्हणून ही वाचली,” मावशी धाकटीला म्हणाल्या. “आता ही तुझी. आत्ताच ने.”

धाकटीचे हात पुढे गेले, आणि तिने ते मागे घेतले.

“असं नको, मावशी. आधी आमचं घर बघायला या. शाळा सुरू झाली की हिच्याकडे कोण बघणार, ते आईला विचारा. मग द्या.”