पाळीला चाक

केशोरीतलं पहिलं विमान माझं आहे, हे मी छाती फुगवून सांगतो. ते उडत नाही, एवढंच. धान ठेवायच्या खोलीत बिजाच्या लाकडाची कॉकपिट, पायाखाली जुन्या शिलाई मशीनचं पायडल, समोर कॉम्प्युटरचे तीन पडदे. अर्जुनी मोरगावला कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. घरी आलो की सिम्युलेटरवर महायुद्धातलं पिवळं हार्वर्ड, वैमानिकांना शिकवायचं विमान, उडवतो. त्याच्या नकाशात आमच्या तलावाच्या जागी नुसतं हिरवं शेत होतं. आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. हे कसं खपवून घ्यायचं? पूर्वजांनी मातीत बांधला, मी कॉम्प्युटरमध्ये बांधला, बांधावरच्या मोहाच्या झाडांसकट.

माझी माय, यशोदाबाई, शेजारी खुर्ची टाकून बसते. तिच्या वडिलांचं नाव खुशाल. ते हार्वर्डवरच शिकले, मग लढाऊ विमान घेऊन ब्रह्मदेशाकडे गेले आणि परतले नाहीत. माय तेव्हा पाळण्यात होती. 'पळाला तो, तिकडेच बायको केली,' हे गावाचं म्हणणं तिने आयुष्यभर ऐकलं, पण मान कधी खाली घातली नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. गाव सोडताना तलावाच्या पाळीला, त्या मातीच्या बांधाला, हात लावायचा. आल्यावर पुन्हा लावायचा. त्याशिवाय माणूस परत आला असं धरत नाहीत.

"पाळीले चाक लाव ना," माय रोज म्हणायची. "काऊन वर उचलून राहिला?"

"आदळंन ना माय ते."

"माह्या बाचं विमान हाये. नाही आदळत."

बिरसीच्या विमानतळावर एअर शो होता, खरं हार्वर्ड येणार होतं. त्याच्या आदल्या दुपारी मी तिचा हट्ट पुरवला. डावं चाक पाळीला घासलं. विमान फुटायलाच हवं होतं. ती पाळ मीच टणक बनवली होती. ते अलगद वर गेलं. मी दांडा सोडून दिला होता, तरी त्याने तलावावर वळण घेतलं आणि पंख हलवले.

प्रोग्रामची चूक, मी म्हणालो. मायने डोक्यावरचा पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरसीच्या धावपट्टीवर खरं हार्वर्ड उतरलं. त्याच्या आवाजाने माझ्या बरगड्या थरथरल्या. तेलाचा, तापलेल्या पत्र्याचा वास सुटला होता. "माझ्या आजोबांनी हेच उडवलं," मी दिसेल त्याला सांगत सुटलो. मायची चाकांची खुर्ची जवळ नेली, तेव्हा वैमानिकाने तिला सॅल्यूट ठोकला. माझे डोळे भरून आले.

मायने वाकून डाव्या चाकाला हात लावला. बोटांना काळी, ओली माती लागली. मातीला आमच्या तलावातल्या शेवाळाचा वास होता.

"नागपूर से सीधा आया हूँ," वैमानिक गोंधळून म्हणाला. "वहाँ तो पक्का रनवे है."

मायने माती कपाळाला लावली. "घरी चाल, गजेंद्र."

उन्हं असतानाच आम्ही केशोरीत पोचलो. पाळीवर गाव जमलं होतं. 'पळाला' म्हणणारेही त्यात होते.

मातीत एकाच चाकाची खोल चाकोरी होती. मधूनच सुरू झालेली. मधेच संपलेली.

"पाहून घ्या," माय खुर्चीतून उठून ताठ उभी राहत म्हणाली. "माहा बा आला."

चाकोरी संपत होती तिथे एका हाताचा पंजा उमटला होता. आजूबाजूला पावलं नव्हती.

पंजाच्या ठशात पाणी अजून पाझरत होतं.