मातीवरचा ठसा

नेहमीच्या मिस्त्रीचं यंत्र बंद पडलं, म्हणून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, छातीशी धरून तो या वर्कशॉपच्या दारात आला... आणि उंबऱ्यातच थबकला. घासायच्या यंत्रावर एक मुलगी उभी होती. बोटं काळी, चष्मा कपाळावर, नजर धातूवर खिळलेली.

"बाबा, गिऱ्हाईक!"

"तूच बघ गं, मोजपट्टे!" आतून आवाज आला.

"दीड मिलिमीटर घासून हवंय," तो म्हणाला.

"हेड आहे हे, पेन्सिल नव्हे!"

"रविवारी शर्यत हरलो तर दादा गाडी विकणार. कॉम्प्रेशन वाढवायचंय... जमेल तेवढं."

पिस्टन खाली असताना इंधन-हवेच्या मिश्रणाला जागा ऐसपैस मिळते. तो वर आला की उरते चिमूटभर. ती चिमूट जितकी लहान, तितका जोर जास्त. हेड घासलं की ती लहान होते, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यापुढचं तिला.

तिने अर्धाच मिलिमीटर घासला. "आता इंजिन आणा."

दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पोतून इंजिन आणलं. तिने पिस्टनच्या माथ्यावर लहान मुलांची खेळायची माती थापली, माती चिकटू नये म्हणून हेडमधल्या व्हॉल्व्हला, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेला, तेलाचं बोट लावलं, हेड घट्ट बसवलं आणि इंजिन हाताने हळूहळू दोनदा फिरवलं. मग हेड उचललं.

मातीत व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटला होता — कोवळा, रेखीव. तिने ब्लेडने माती कापली, ठशाखाली उरलेल्या थराची जाडी मोजली.

"दोन मिलिमीटर. एवढी जागा हवीच. वेगात व्हॉल्व्हला परतायला जरा उशीर होतो. आणखी घासलं तर पिस्टन त्याला गाठेल... आणि सगळंच संपेल."

तो बघतच राहिला. तीन वर्षं तो या इंजिनावर जीव टाकत होता. इंजिनाच्या पोटातला अंधार मात्र आज तिने त्याच्या तळहातावर ठेवला होता.

"घासू आणखी? इंजिन तुमचं आहे."

"नको," तो हलकेच म्हणाला. "तुम्ही म्हणाल तेवढंच."

"आणि हरलात तर?"

"गाडी जाईल. पण मग... इथे यायला निमित्त उरणार नाही, त्याचीच भीती वाटते."

ती हात पुसत राहिली. कान मात्र लालबुंद झाले.

"रविवारी मी येतेय शर्यतीला. जिंक नाहीतर हर — घरी सोडायला तूच यायचंस. गाडी नसली, तर चालत."