मद्याआधीची फुंकर

आमच्या खिऑस बेटावर गाणाऱ्यांची वाण नाही, पण अपोलोच्या जत्रेत जो जिंकतो त्यालाच गुरूची काठी मिळते. आमचे गुरुजी लेओदामास आता थकले होते. त्यांची काठी मला हवी होती, आणि का नको? माझ्याइतकी गाणी घोटलेला दुसरा होता कोण!

वीरगीतांतल्या जुन्या शब्दांना लांबलचक शेपट्या असतात. बाजारात तसं बोललं तर मासळीवाली पोट धरून हसेल. शिवाय 'मद्य', 'घर', 'राजा' अशा शब्दांआधी ओळ अडखळते. पूर्वजांच्या काळी तिथे ओठांनी फुंकल्यासारखा एक आवाज होता म्हणे. तो गळून गेला, जागा मात्र राहिली. सगळे गाणारे तिथे अर्धा श्वास थांबतात. मला ती दातांतली फट वाटे. म्हणून मी प्रत्येक फटीत एकेक बारका शब्द ठोकून बसवला.

"बुजवू नकोस रे, एव्हेनोर," लेओदामास म्हणाले. "गाण्यातून हाकललंस तर ते राहील कुठे?"

"ते म्हणजे कोण, गुरुजी?"

"मला काय ठाऊक? मी कधी हाकललं नाही!" अंजीर तोंडात टाकून ते हसले.

जत्रेत भर दुपारी मी गायला उभा राहिलो. भाजल्या मांसाचा घमघमाट सुटला होता, लोक दाटीवाटीने बसले होते. 'मद्य' म्हणताना मागून, गरम रश्श्यावर घालावी तशी फुंकर ऐकू आली. गुरुजींची खोडी, दुसरं काय! पण ते तर समोर बसले होते.

'घर' आलं. फुंकर मानेवर.

'राजा' आला. फुंकर कानाशी. मी माझा बारका शब्द दामटून म्हटला.

मग काहीच नाही.

मी जिंकलो! काठी देताना गुरुजींनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाले, "सांभाळ हो." कुणाला, ते विचारायचं आनंदात राहूनच गेलं.

गात गातच घरी पोचलो.

"अगं आर्खिप्पे, मिळाली काठी!"

"दिसतेय हो! दारात काय नाचताय, आत या." बायको हसत हसत मद्यात पाणी मिसळू लागली. "आणि त्यांनाही बसवा की. ओठांचा चंबू करून किती वेळ उभे राहतील?"

मी वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं.

तिने तीन पेले भरून ठेवले. वारा पडलेला होता. तिसऱ्या पेल्यातल्या मद्यावर बारीक लाटा उठत होत्या.