उज्माच्या वाट्याची कांडी

"पुन्हा लाल!" उज्माने हातातली कांडी धाकट्या भावाच्या नाकासमोर नाचवली. "आणि जुबेर, तुझीही लालच! म्हणजे मी तुझा डबा खाणार आणि तू माझा. दोन्ही अम्मीचेच! मग घरीच बसून नसतं का खाल्लं?"

सगळे खो खो हसले. उज्माची मैत्रीण धम्मदिना मात्र हसली नाही.

भिवंडीच्या समाजमंदिरात सुट्टीचं 'शेजार शिबिर' चाललं होतं. सकाळी समतेची गाणी, मग न्याय-अन्यायाची नाटुकली आणि दुपारी डब्यांची अदलाबदल! यंत्रमागावरच्या रंगीत सुताच्या कांड्या एका पिशवीत टाकून सावळाराम सर सगळ्यांपुढे फिरवत. डोळे मिटून एक उचलायची. ज्या दोघांचा रंग जुळेल, त्यांनी डबे बदलायचे. "शेजाऱ्याची चव कळली की शेजारी कळतो," असं सर म्हणत. पण या बहीणभावांना रोज एकमेकांचीच चव कळत होती!

"उद्यापासून मी नाय येणार," हात धुताना उज्मा हळूच धम्मदिनाला म्हणाली. "अम्मी रोज विचारते, माझा डबा आज कोणी खाल्ला? काय सांगू तिला? कोणाला नको असेल आमचं..."

"वेडी आहेस का? नशिबाचा खेळ आहे तो!"

"कसलं नशीब! माझ्या हाताला दोनच कांड्या लागतात. एक मी घेते, उरलेली जुबेर."

धम्मदिनाचे डोळे मोठे झाले. "दोनच? माझ्या हाताला तर ढीगभर लागतात!"

"मग पिशवीच बघू," धम्मदिनाच्या चाळीतला मिथुन म्हणाला. "सरांना मी अडकवतो." तो थेट सरांकडे गेला. "सर, शांतता म्हणजे नक्की काय हो?"

हा प्रश्न विचारला की सर लवकर थांबत नसत. तेवढ्यात मुलींनी खुंटीवरची पिशवी काढून चाचपली. आतल्या बाजूला एक कप्पा होता आणि कप्प्यात दोन लाल कांड्या!

"चोरकप्पा!" उज्मा पुटपुटली. "म्हणजे आमच्यापुढे सर हाच कप्पा उघडतात! आमचं सरांनाच नको..."

"थांब, आत्ताच जाऊन विचारते!" धम्मदिना उसळली आणि लगेच थबकली. "नको. विचारलं की मोठी माणसं नुसतं समजावत बसतात. सुई आण!"

शिवणवर्गाच्या टेबलावर सुई मिळाली. सुताला भिवंडीत काय तोटा! लाल कांड्या ढिगात गेल्या, कप्प्याचं तोंड शिवून टाकलं. "फक्त उद्या ये," धम्मदिनाने उज्माला गळ घातली.

दुसऱ्या दिवशी उज्मासमोर येताच सरांची बोटं पिशवीत कप्पा शोधू लागली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही!

"सर, आत उंदीर शिरलाय का?" मिथुनने भोळा चेहरा करून विचारलं.

उज्माने हात घातला. हिरवी! जुबेरला पिवळी! मिथुनला हिरवी निघताच त्याने उज्माचा डबा उड्या मारत पळवला. एवढा खटाटोप करून धम्मदिनाच्या वाट्याला मात्र लडकूच्या घरचं कारलं आलं!

सर पिशवी चाचपतच राहिले. "काय झालं, सावळाराम?" शिबिराच्या प्रमुख बकुळाताईंनी विचारलं. धम्मदिनाने पिशवी उलटी करून शिवलेला कप्पा दाखवला. "सर, हा कशाला होता?"



"पोरांनो, तुमच्याएवढा असताना मी हे शहर दंगलीत पेटलेलं पाहिलंय," सर खालच्या आवाजात म्हणाले. "कुणाला काय चालतं, काय चालत नाही... डब्यावरून कुरबूर झाली तर? भांडण नको, म्हणून मी..."

"भांडण नाही झालं, सर," धम्मदिना म्हणाली. "पण उज्मा निघाली होती."

सरांनी उज्माकडे पाहिलं. "चुकलो गं पोरी."

"आधी विचारायचं ना, सर!" जुबेर म्हणाला. "ज्याला जे चालत नाय, तो सांगेल. तोंड आहे की सगळ्यांना!"

मिथुनचं तोंड तर केव्हाच कामाला लागलं होतं.

"शाबास रे पोरांनो!" बकुळाताई म्हणाल्या. "आम्ही न्याय शिकवत बसलो आणि अन्याय आमच्याच पिशवीत! आता पिशवी धम्मदिना आणि उज्मा फिरवतील. सावळाराम, तुमचाही डबा आणा इकडे!"

सरांनी डोळे घट्ट मिटून कांडी काढली. पिवळी! अजून जोडी न मिळालेल्या जुबेरने ऐटीत डबा पुढे केला. झाकण उघडून सर आतल्या पांढऱ्याशुभ्र वड्यांकडे बघतच राहिले.

"विचारा ना, सर!" सगळे ओरडले.

"यात काय आहे, बाळा?"

"सांदण!" जुबेरच्या आधी उज्माच बोलली. "तांदूळ, नारळाचं दूध आणि साखर!"

सरांनी एक तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा. "उद्या पण आणशील?"

"आणीन की!" उज्मा म्हणाली. "पण तुम्हाला मिळेलच असं नाय हं, सर!"